दोन देशांच्या भ्रष्टाचार-नियंत्रणाची तुलना कशी करावी: फाईल उतरवण्यापासून निष्कर्षाच्या वाक्यापर्यंत

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत भ्रष्टाचाराची जागतिक यादी प्रसिद्ध होते आणि 'अमुक देश आठ क्रमांकांनी घसरला' असे मथळे झळकतात. अशा मथळ्यावरून दोन देशांची तुलना करायला बसलात तर निष्कर्ष हमखास चुकतो. आकडे खोटे असतात म्हणून नाही, तर त्या आकड्यांतून जे निघू शकत नाही तेच आपण काढायला जातो म्हणून. भ्रष्टाचार लपूनछपून होतो, त्यामुळे त्याची थेट मोजदाद कोणाकडेच नाही. आपल्या हाती असतात ते जाणकारांचे अंदाज, लोकांचे अनुभव आणि संस्थांच्या कारभाराच्या नोंदी. या प्रत्येकात चुकीला थोडी जागा असते. ती जागा किती हे धरून चाललात, तर दोन देशांबद्दल बरंच काही ठामपणे सांगता येतं.

हे काम पहिल्यांदाच करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, पत्रकारांसाठी आणि संशोधन सहायकांसाठी पायऱ्या पुढे दिल्या आहेत. उदाहरणाला एस्टोनिया आणि हंगेरी ही जोडी घेतली आहे. दोन्ही देश कम्युनिस्ट राजवटीतून बाहेर पडले आणि दोन्ही १ मे २००४ रोजी युरोपीय संघात दाखल झाले. सुरुवातीची परिस्थिती इतकी जवळची असली की पुढे वाटा कुठे फुटल्या हे शोधण्यात अर्थ असतो. तुमची जोडी वेगळी असेल. पायऱ्या त्याच राहतील.

हाताशी काय हवं

- ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल या भ्रष्टाचारविरोधी संस्थेच्या 'करप्शन परसेप्शन्स इंडेक्स'ची, म्हणजे सीपीआयची, संपूर्ण एक्सेल फाईल. वर म्हटलेली जागतिक यादी ती हीच. संकेतस्थळावरचा नकाशा किंवा वर्तमानपत्रातला तक्ता चालणार नाही. फाईलमध्ये गुण, प्रमाण त्रुटी (गुणांत किती चूक संभवते त्याचं माप), स्रोतांची संख्या आणि प्रत्येक स्रोताचे वेगळे गुण असले पाहिजेत.
- जागतिक बँकेच्या 'वर्ल्डवाइड गव्हर्नन्स इंडिकेटर्स'ची, म्हणजे डब्ल्यूजीआयची, ताजी फाईल. त्यातल्या सहा निर्देशकांपैकी आपल्याला 'कंट्रोल ऑफ करप्शन' हवा.
- दोन्हींच्या पद्धतीविषयीच्या टिपा. त्या कंटाळवाण्या वाटतात, पण निम्म्या चुका त्या न वाचल्यामुळे होतात.
- दोन्ही देशांत झालेलं लाचेच्या अनुभवाचं एखादं सर्वेक्षण.
- एक्सेल किंवा तत्सम स्प्रेडशीट. याहून भारी सॉफ्टवेअरची गरज नाही.
- दोन्ही देशांतले कायदे, सत्तांतरं आणि मोठी प्रकरणं तारखांसह लिहिलेला एक कागद.

१. आधी प्रश्न एका वाक्यात लिहून काढा

'कुठे भ्रष्टाचार जास्त?' हा प्रश्न फार ढोबळ आहे. त्यात निदान तीन वेगळे प्रश्न लपलेले असतात. दाखला काढायला गेलेल्या माणसाला लाच द्यावी लागते का? मोठी कंत्राटं सत्तेच्या जवळच्यांना मिळतात का? आणि गैरव्यवहार उघड झाला तर शिक्षा होते का? या तिन्हींची उत्तरं एकाच देशात वेगवेगळी येऊ शकतात. खिडकीवरची लाच जवळजवळ संपलेली आणि कंत्राटांचा वाटा मात्र मोजक्या घरांकडे, अशी स्थिती मुळीच दुर्मीळ नाही.

प्रश्न असा लिहा: 'सन अमुक ते तमुक या काळात, सार्वजनिक क्षेत्रातल्या भ्रष्टाचारावरच्या नियंत्रणाबाबत, या दोन देशांतलं अंतर वाढलं की घटलं?' काळ, क्षेत्र आणि अंतर हे तिन्ही शब्द त्यात हवेतच.

२. कोणती मोजपट्टी काय मोजते ते समजून घ्या

सीपीआय १९९५ पासून निघतो. जाणकारांची मूल्यमापनं आणि उद्योग-व्यवसायातल्या मंडळींची मतं यांवर तो उभा आहे. सामान्य नागरिकांची मतं त्यात नसतात. एकूण १३ स्रोत वापरले जातात आणि एखाद्या देशासाठी किमान ३ स्रोत मिळाले तरच त्याला गुण दिले जातात. ० म्हणजे अतिशय भ्रष्ट, १०० म्हणजे अतिशय स्वच्छ. लाचखोरी, सरकारी पैसा वळवणं, नात्यागोत्याच्या नेमणुका, हितसंबंधीयांनी सत्ता ताब्यात घेणं असे विषय त्यात येतात. काळा पैसा पांढरा करणं, करचुकवेगिरी आणि खासगी कंपन्यांमधला भ्रष्टाचार त्यात येत नाही.

ही शेवटची मर्यादा किती मोठी आहे, ते डान्स्के बँकेच्या प्रकरणात दिसतं. डेन्मार्कच्या या बँकेच्या एस्टोनियातल्या शाखेतून २००७ ते २०१५ या काळात अनिवासी खातेदारांचे सुमारे २०० अब्ज युरो फिरले आणि त्यातले बरेच व्यवहार संशयास्पद ठरले. डेन्मार्क सीपीआयच्या अगदी वरच्या टोकाला असतो आणि एस्टोनियाचे गुणही चांगले आहेत. हे प्रकरण २०१८ मध्ये गाजलं तरी दोन्ही देशांच्या गुणांना मोठा धक्का बसला नाही. त्यात सीपीआयचं काही चुकलं असं नाही. तो सार्वजनिक क्षेत्रापुरता बोलतो आणि बँकेचा व्यवहार त्याच्या कक्षेबाहेरचा होता. तुमचा प्रश्न काळ्या पैशाचा असेल, तर ही मोजपट्टी बाजूला ठेवा.

डब्ल्यूजीआय डॅनियल कॉफमन आणि आर्ट क्राय यांनी उभारला. त्याची आकडेवारी १९९६ पासून मिळते. २००२ पर्यंत एक वर्षाआड आणि त्यानंतर दरवर्षी. दोनशेहून अधिक देश व प्रदेश त्यात आहेत. वर्षानुवर्षं त्याचे अंदाज साधारण उणे २.५ ते अधिक २.५ या मापात दिले गेले आहेत, सोबत ० ते १०० मधला शतमानक (किती टक्के देश मागे आहेत ते सांगणारा आकडा) असतो. उतरवलेल्या आवृत्तीत कोणतं माप आहे ते टिपेत वाचून पक्कं करा.

तिसरी मोजपट्टी म्हणजे स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या व्ही-डेम या लोकशाही मोजणाऱ्या प्रकल्पाचा राजकीय भ्रष्टाचार निर्देशांक. तो कितीतरी दशकं मागे जातो आणि कार्यकारी यंत्रणा, प्रशासन, कायदेमंडळ व न्यायव्यवस्था यांचे वेगळे आकडेही देतो. मात्र त्याची दिशा उलटी आहे. ० ते १ या मापात जास्त आकडा म्हणजे जास्त भ्रष्टाचार. त्यातही गोम अशी, की कायदेमंडळ आणि न्यायव्यवस्था यांच्या मूळ प्रश्नांची दिशा पुन्हा सुलटी आहे, तिथे जास्त म्हणजे स्वच्छ. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर 'वर गेलं म्हणजे काय' हे स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवल्याशिवाय आलेख काढू नका.

३. फाईल उतरवा आणि देशाची ओळख तपासा

देश नावाने जोडू नका, तीन अक्षरी संकेताने जोडा. नावं बदलतात: स्वाझीलँड २०१८ मध्ये एस्वातिनी झाला, मॅसेडोनिया २०१९ मध्ये उत्तर मॅसेडोनिया. दोन काँगो, दोन कोरिया, नायजर आणि नायजेरिया, स्लोव्हाकिया आणि स्लोव्हेनिया या जोड्यांत घोटाळा व्हायला वेळ लागत नाही. काही जुन्या फाईलींत संकेतही वेगळे असतात. म्हणून व्हीलुकअपने (जुळणारा आकडा शोधून आणणाऱ्या एक्सेलच्या सूत्राने) आकडे ओढून घेतल्यावर दोन्ही देशांची प्रत्येकी तीन वर्षं मूळ फाईल उघडून डोळ्यांनी ताडून पाहा.

दुसरं, रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. स्प्रेडशीट सरासरी काढताना रिकामा रकाना वगळते, पण तो तुम्ही किंवा एखाद्या सूत्राने ० करून ठेवला असेल तर तो मोजते. शून्य गुण मिळालेला देश सीपीआयच्या आजवरच्या यादीत नाही, त्यामुळे ० दिसला की चूक तुमच्या फाईलमध्येच शोधा.

उतरवल्याची तारीख आणि आवृत्ती पहिल्या ओळीत टाका. डब्ल्यूजीआयच्या बाबतीत हे फारच महत्त्वाचं, कारण दर आवृत्तीत मागची वर्षंही नव्याने मोजली जातात. २०१५ चा आकडा जुन्या फाईलमधून आणि आजचा ताज्या फाईलमधून घेतलात, तर दिसणारा बदल निव्वळ आवृत्तीचा असू शकतो. सगळी वर्षं एकाच ताज्या फाईलमधून घ्या.

४. २०१२ ची भिंत ओलांडू नका

नवख्यांचा पाय सर्वात जास्त इथे घसरतो. सीपीआय २०११ पर्यंत ० ते १० या मापात होता. २०१२ मध्ये माप ० ते १०० झालं, म्हणून अनेक जण जुन्या आकड्याला १० ने गुणून साखळी मागे नेतात. पण त्या वर्षी फक्त माप बदललं नाही, गुण काढण्याची रीतच बदलली.

आपल्या जोडीतच पाहा. २०११ मध्ये एस्टोनियाला ६.४ होते आणि २०१२ मध्ये ६४. इथवर सगळं सुरळीत वाटतं. हंगेरीला मात्र २०११ मध्ये ४.६ आणि २०१२ मध्ये ५५. दहाने गुणलं तर हंगेरी एका वर्षात ९ गुणांनी सुधारली असं दिसेल. प्रत्यक्षात त्या बारा महिन्यांत अशी काहीही झेप झालेली नव्हती. हा बदल रीतीचा होता, देशाचा नव्हता. एका देशावर परिणाम दिसत नाही आणि दुसऱ्यावर भरपूर दिसतो, म्हणूनच ही चूक फसवी आहे. एस्टोनियाची ओळ तपासून समाधान मानलंत तर हंगेरीची चूक तशीच राहून जाते.

२०१२ च्या मागे जायचं असेल तर डब्ल्यूजीआय किंवा व्ही-डेम घ्या. दोन मोजपट्ट्यांचे तुकडे शिवून एक रेघ तयार करू नका.

५. क्रमांक झाकून ठेवा

फाईलमधला क्रमांकाचा रकाना लपवून टाका. क्रमांक तुमच्या देशाइतकाच बाकीच्यांवर अवलंबून असतो.

भारताचं उदाहरण बोलकं आहे. २०१४ आणि २०१५ या दोन्ही वर्षी भारताचे गुण ३८ होते. क्रमांक मात्र ८५ वरून ७६ वर आला आणि 'नऊ क्रमांकांची सुधारणा' म्हणून बातम्या झाल्या. २०१४ च्या यादीत १७५ देश होते आणि २०१५ च्या यादीत १६८. वगळलेल्यांत बार्बाडोस, बहामा यांसारखे वरच्या जागांवरचे देश होते. ते निघाले, म्हणून खालचे वर सरकले. उलटी बाजूही पाहा: २०२२ मध्ये ४० गुण आणि ८५ वा क्रमांक, २०२३ मध्ये ३९ गुण आणि ९३ वा क्रमांक. एक गुण गेला, आठ जागा गेल्या. यादीच्या मधल्या भागात देशांची इतकी दाटी असते की एका गुणाने सात-आठ जागा हलतात.

शतमानकातही हाच दोष आहे. डब्ल्यूजीआयचा मूळ अंदाज वापरतानाही एक गोष्ट लक्षात ठेवा: त्या उणे-अधिक मापात दर वर्षी जगाची सरासरी शून्यावर बांधलेली असते. सगळं जग एकत्र सुधारलं किंवा बिघडलं तर तिथे काहीच दिसणार नाही. त्यावरून 'देश बाकीच्यांच्या तुलनेत वर गेला' एवढंच म्हणता येतं. दोन देशांमधलं अंतर मोजायला मात्र ते माप चांगलं चालतं.

६. प्रत्येक आकड्याला त्याचा पट्टा द्या

आता मूळ कामाला लागा. दोन देशांची ओळ अशी मांडा (सीपीआय, २०१२ ते २०२४):

एस्टोनिया: ६४, ६८, ६९, ७०, ७०, ७१, ७३, ७४, ७५, ७४, ७४, ७६, ७६

हंगेरी: ५५, ५४, ५४, ५१, ४८, ४५, ४६, ४४, ४४, ४३, ४२, ४२, ४१

खाली तिसरी ओळ अंतराची: २०१२ मध्ये ९, २०२४ मध्ये ३५. एस्टोनिया १२ गुण वर, हंगेरी १४ गुण खाली, म्हणून अंतरात २६ ची भर.

पण हे गुण म्हणजे मोजपट्टीवरचा एकेक ठिपका नाही. वेगवेगळ्या स्रोतांची ती सरासरी आहे आणि ते स्रोत आपसांत किती जुळतात यावर तिची खात्री ठरते. फाईलमधला 'प्रमाण त्रुटी'चा रकाना हेच सांगतो. पट्टा असा काढायचा: प्रमाण त्रुटीला १.६४५ ने गुणा, उत्तर गुणांतून वजा करा आणि गुणांत मिळवा. हा झाला ९० टक्के खात्रीचा पट्टा.

दोन देशांमधला फरक खरा आहे की नाही, हे पाहण्यासाठी दोन्ही प्रमाण त्रुटींचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा आणि १.६४५ ने गुणा. समजा एका देशाची त्रुटी २ आणि दुसऱ्याची ३. वर्ग ४ आणि ९, बेरीज १३, वर्गमूळ ३.६१, आणि १.६४५ ने गुणल्यावर ५.९. म्हणजे अंतर साधारण ६ गुणांपेक्षा कमी असेल तर 'पहिला देश पुढे आहे' असं म्हणू नका. ५ गुणांचं अंतर डोळ्यांना मोठं दिसतं, पण या हिशोबात ते टिकत नाही. ९ चं टिकतं.

इथे दोन चुका नेहमी होतात. एक, 'पट्टे एकमेकांवर चढले म्हणजे फरक नाही' असं समजणं. वरच्या उदाहरणात पट्टे स्वतंत्रपणे काढले तर ते गुणांच्या प्रत्येक बाजूला ३.३ आणि ४.९ इतके पसरतील. म्हणजे ८ गुणांच्या अंतरालाही ते थोडे चढलेले दिसतील, तरी फरक खरा असेल. पट्टे पूर्ण वेगळे असतील तर फरक नक्की आहे. चढलेले असतील तर वरचं गणित करा. दुसरी चूक, एकाच देशाच्या दोन वर्षांना हेच गणित डोळे झाकून लावणं. लागोपाठच्या वर्षांत स्रोत बरेचसे तेच असतात, त्यामुळे त्यांच्या चुकाही एकमेकींशी बांधलेल्या असतात आणि हे सूत्र गरजेपेक्षा कडक ठरतं. कडक चाळणीतून बदल पार पडला तर उत्तमच. नाही पडला तर ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल स्वतः कोणते बदल संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय मानते, याचा तक्ता फाईलसोबत असतो. तो पाहा.

डब्ल्यूजीआयमध्येही प्रमाण त्रुटीचा रकाना असतो आणि गणित तेच. सुरुवातीच्या वर्षांत स्रोत कमी असल्याने त्रुटी मोठ्या असतात. १९९६ च्या आकड्यावर एखादा मोठा निष्कर्ष टांगण्याआधी स्रोतांची संख्या पाहा. एकाच स्रोतावर उभा असलेला अंदाज तुलनेला घेऊच नये.

७. सुरुवातीचं वर्ष बदलून पाहा

पहिलं आणि शेवटचं वर्ष घेऊन वजाबाकी करणं सोपं असतं, पण त्यात पहिल्या वर्षाला अवास्तव वजन मिळतं. एस्टोनियाची ओळ पुन्हा वाचा. २०१२ ते २०१३ या एकाच वर्षात ६४ चे ६८ झाले. मोजणी २०१३ पासून धरली तर १२ गुणांची वाढ ८ वर येते. म्हणजे एकूण सुधारणेचा तिसरा हिस्सा एका वर्षात, तोही नव्या रीतीच्या पहिल्याच वर्षात, सामावलेला आहे. हंगेरीच्या बाबतीत मात्र सुरुवात एक वर्ष पुढे नेली तरी १४ चे फक्त १३ होतात. हंगेरीची घसरण अधिक ठामपणे सांगता येते आणि एस्टोनियाची वाढ थोडी हात राखून.

म्हणून तीन वेगवेगळ्या सुरुवातींनी गणित करा आणि सुरुवातीच्या तीन वर्षांची सरासरी शेवटच्या तीन वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहा. निष्कर्ष तिन्ही वेळा तोच आला तरच तो लिहा.

बदलाचा वेगही पाहा. हंगेरी २०१४ मध्ये ५४ वर होती आणि २०१७ मध्ये ४५ वर. तीन वर्षांत ९ गुण गेले. नंतरच्या सात वर्षांत आणखी ४. एस्टोनिया २०२० पर्यंत चढत गेला आणि पुढे ७४ ते ७६ मध्ये रेंगाळला. 'सतत घसरण' आणि 'सतत प्रगती' अशा शब्दांनी या दोन्ही गोष्टी पुसल्या जातात.

८. आतले स्रोत जुळवा

सीपीआय फाईलच्या उजवीकडच्या रकान्यांत प्रत्येक स्रोताचे वेगळे गुण असतात. दोन्ही देशांना आणि दोन्ही वर्षांना जे स्रोत समान आहेत तेवढेच घेऊन सरासरी पुन्हा काढा. एखादा स्रोत मधल्या वर्षी आला किंवा गेला, तर देशात काही न घडताही गुण हलतात. स्रोत कमी असलेल्या छोट्या देशांत हा धोका मोठा असतो.

सीपीआय आणि डब्ल्यूजीआय एकच गोष्ट सांगत असले तर त्याला दोन स्वतंत्र साक्षीदार म्हणू नका. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट, वर्ल्ड जस्टिस प्रोजेक्ट, व्ही-डेम यांसारखे स्रोत दोघांतही आहेत. एकाच माणसाची साक्ष दोनदा नोंदवली म्हणून ती दुप्पट खरी होत नाही.

काळाचाही फरक धरा. एखाद्या वर्षाच्या सीपीआयमध्ये साधारण मागच्या दोन वर्षांतली माहिती असते. २०२४ चे गुण फेब्रुवारी २०२५ मध्ये आले, पण त्यातलं काही मूल्यमापन २०२३ मधल्या परिस्थितीचं आहे. निवडणुकीनंतर सहा महिन्यांत नव्या सरकारचं यशापयश या आकड्यात शोधणं निरर्थक आहे.

९. मताच्या शेजारी अनुभव ठेवा

जाणकारांचं मत आणि नागरिकांचा अनुभव या वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलचंच 'ग्लोबल करप्शन बॅरोमीटर' लोकांना विचारतं की गेल्या बारा महिन्यांत सार्वजनिक सेवा घेताना लाच द्यावी लागली का. युरोपीय संघातल्या २७ देशांसाठी ते २०२१ मध्ये झालं. उद्योगांसाठी जागतिक बँकेची 'एंटरप्राइझ सर्व्हेज' आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतल्या १६.५.१ आणि १६.५.२ या निर्देशकांखालीही लाचेच्या अनुभवाचे आकडे मिळतात.

इथला सापळा छेदाचा. टक्केवारी कोणाची? सगळ्या उत्तरदात्यांची, की ज्यांचा सरकारी कर्मचाऱ्याशी संबंध आला त्यांचीच? समजा १,००० जणांना विचारलं, ४०० जणांचा संबंध आला आणि ४० जणांनी लाच दिली. एका पद्धतीने ४ टक्के, दुसऱ्या पद्धतीने १० टक्के. दोन देशांचे आकडे वेगवेगळ्या छेदांवरचे असतील तर तुलना तिथेच थांबवा. 'लाच दिली' आणि 'लाच दिली किंवा मागितली गेली' हेही एक नव्हे. 'ओळख लावून काम करून घेतलं' हा प्रश्न वेगळा विचारलेला असेल तर तोही घ्या. पुष्कळ ठिकाणी पाकिटाची जागा ओळखीने घेतलेली असते.

सार्वजनिक खरेदीच्या नोंदी ही आणखी एक भक्कम बाजू. किती कंत्राटांना एकच बोली आली हे प्रमाण युरोपीय संघातल्या देशांसाठी दरवर्षी मिळतं. ते मतावर नाही, प्रत्यक्ष नोंदीवर उभं असतं. पण लहान बाजारपेठेत किंवा विशिष्ट यंत्रसामग्रीत पुरवठादारच एक असू शकतो, म्हणून शक्य तिथे त्याच प्रकारच्या खरेदीची तुलना करा.

खटल्यांची आणि शिक्षांची संख्या मात्र भ्रष्टाचाराचं माप म्हणून कधीच वापरू नका. खटले वाढले याचा अर्थ भ्रष्टाचार वाढला असाही असू शकतो आणि तपास यंत्रणा मोकळी झाली असाही.

१०. तारखांची पट्टी आलेखाखाली ठेवा

आलेख तयार झाला की त्याच्या खाली घटना मांडा. आपल्या जोडीसाठी ती पट्टी साधारण अशी होईल. हंगेरी: २०१० मध्ये फिदेस पक्षाला संसदेत दोन तृतीयांश बहुमत, डिसेंबर २०१६ मध्ये 'ओपन गव्हर्नमेंट पार्टनरशिप' या पारदर्शक कारभारासाठीच्या देशांच्या गटातून माघार, डिसेंबर २०२२ मध्ये युरोपीय संघाने कायद्याच्या राज्याच्या अटीवरून सुमारे ६.३ अब्ज युरोंचा निधी रोखला. एस्टोनिया: २००१ मध्ये सरकारी खात्यांची माहिती जोडणारी एक्स-रोड प्रणाली, १३ जानेवारी २०२१ रोजी पंतप्रधान युरी रातास यांचा राजीनामा. युरोपीय संघाच्या पैशातल्या गैरव्यवहारांवर खटले भरणाऱ्या युरोपीय सरकारी वकील कार्यालयाने १ जून २०२१ रोजी काम सुरू केलं, तेव्हा एस्टोनिया त्यात होता आणि हंगेरी नव्हता.

रातास यांच्या राजीनाम्यापाशी जरा थांबा. पोर्तो फ्रांको या बांधकाम प्रकल्पाच्या तपासात त्यांच्या पक्षावर संशय ठेवला गेला. ते स्वतः संशयित नव्हते, तरी पायउतार झाले. सीपीआय ७५ वरून ७४ वर आला. ही घटना 'भ्रष्टाचार' या रकान्यात टाकायची की 'नियंत्रण' या रकान्यात? सत्ताधारी पक्षापर्यंत तपास पोहोचला आणि सरकार पडलं, ही नियंत्रण चालू असल्याची खूण आहे. ज्या देशातून एकही प्रकरण बाहेर येत नाही त्याच्याबद्दल अधिक साशंक असावं. पट्टीवर प्रत्येक प्रकरणापुढे तीन गोष्टी नोंदवा: ते कोणी उघड केलं, तपास कोणी केला आणि पुढे काय झालं.

घटना आणि आलेखाचं वळण एकाच वर्षी दिसलं म्हणून एकाला दुसऱ्याचं कारण ठरवू नका. मागच्या दोन वर्षांची माहिती गुणांत असते हे इथेही लागू आहे.

११. निष्कर्ष लिहिताना

वाक्यात चार गोष्टी आल्याच पाहिजेत: मोजपट्टी, काळ, अंतर आणि खात्री. आपल्या जोडीसाठी असं लिहिता येईल: 'सीपीआयनुसार २०१२ ते २०२४ या काळात सार्वजनिक क्षेत्रातल्या भ्रष्टाचाराबाबत एस्टोनिया आणि हंगेरी यांच्यातलं अंतर ९ वरून ३५ गुणांवर गेलं; हंगेरीची घसरण सुरुवातीचं वर्ष बदललं तरी जवळपास तेवढीच राहते, एस्टोनियाची वाढ मात्र २०१३ पासून मोजल्यास १२ ऐवजी ८ गुणांची दिसते.'

'हंगेरीत भ्रष्टाचार इतक्या टक्क्यांनी वाढला' असं कधीही लिहू नका. ५५ वरून ४१ म्हणजे भ्रष्टाचारात २५ टक्के वाढ नव्हे. या मापात टक्केवारीला अर्थच नाही. 'हंगेरीचे लोक भ्रष्ट आहेत' असा सूर तर नकोच. हे आकडे यंत्रणेबद्दल आहेत, आणि त्या यंत्रणेचा भार तिथलेच लोक सोसत असतात.

फाईल, सूत्रं आणि पट्टी एकत्र जपून ठेवा. नवी आवृत्ती आली की सीपीआयच्या दोन्ही ओळींत एकेक आकडा वाढवा आणि डब्ल्यूजीआयची मात्र सगळी वर्षं नव्या फाईलमधून पुन्हा भरा.